भाव बोलेल त्याने भांडी घासायची

आईने रश्श्याचं गरम पातेलं आणलं आणि थेट त्या पाकिटावर ठेवलं. आजचं जेवण आपल्याला जड जाणार, हे दादाने तेव्हाच ओळखायला हवं होतं. पाकीट त्याने आल्याआल्या टेबलाच्या मधोमध ठेवलं होतं, सगळ्यांना दिसेल असं. आत मोबाईलच्या दुकानासाठी जागा शोधणाऱ्या एकाने पाठवलेला कागद होता. त्यावर आईची सही झाली की खालची बेकरी त्या मोबाईलवाल्याची.

"आई, ते महत्त्वाचं आहे," दादा म्हणाला.

"पातेलंही महत्त्वाचं आहे. टेबलावर डाग पडतो."

दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. रविवारच्या जेवणाला इस्त्रीचा शर्ट या घरात दोनच कारणांनी घातला जाई: कोणी गेलं असेल तर, किंवा काही विकायचं असेल तर. कोणी गेलेलं नव्हतं. त्याच्या मागून वहिनी आली ती मान खाली घालून, आणि नेहमी आल्याबरोबर ताईला चिडवणारी वहिनी आज नुसती खुर्ची ओढून बसली.

पोपट आधीच बसून पाव कुरतडत होता. पोपट म्हणजे शेंडेफळ. बंदरावर बोटींच्या एजंटाच्या कचेरीत कामाला लागल्यापासून तो जगातल्या सगळ्या बोटी स्वतः वल्हवत असल्यासारखा बोले, म्हणून ताईने त्याला हे नाव दिलं होतं. आता तर त्याच्या सासरचेही त्याला पोपटराव म्हणत.

आणि ताई अजून खालून यायची होती. भट्टी विझवल्याशिवाय ती वर येत नसे. लग्नाचा विषय निघाला की "आधी भट्टी तापू दे" असं म्हणता म्हणता तिची पन्नाशी जवळ आली. भट्टी रोज तापत होती, लग्न तेवढं राहून गेलं.

या टेबलाचा एक नियम होता. मागे बाबांच्या पोटात व्रण झाला, तेव्हा डॉक्टरांनी त्यांची मिरची बंद केली आणि आईने भाव बंद केले. आता खताचं दुकान दादाकडे आणि बेकरी ताईकडे होती, पण तेव्हा दोन्ही बाबांचीच. सकाळी युरिया, दुपारी मैदा आणि जेवताना दोन्ही, असं त्यांचं चाले. आईने सांगून टाकलं, या टेबलावर कशाचाही भाव कोणी उच्चारला तर त्याने सगळ्यांची भांडी घासायची. बाबांचा व्रण बरा झाला, पुढे बाबाही गेले, नियम मात्र राहिला. एकदा पोपटाने तोंडाने काही न बोलता चमचा छताकडे नेऊन गहू कुठे चालला ते दाखवलं होतं. आईने त्यालाही भांडी घासायला लावली आणि तेव्हापासून खुणाही नियमात आल्या. दादाने मात्र आजवर एक बशीही विसळली नव्हती. जिभेवर ताबा असलेला माणूस म्हणून घरात त्याचा दबदबा होता.

ताई आली, हात पुसत बसली, आणि तिची नजर पातेल्याखालच्या पाकिटावर गेली.

"हे काय?"

"जेव आधी," आई म्हणाली.

"ठके, तू दमतेस," दादाने सुरुवात केली. ताईला ठकी म्हणणारा जगात तो एकटाच उरला होता. "पहाटे उठायचं, आगीसमोर उभं राहायचं. गुडघे बघ तुझे."

"माझे गुडघे तू कधी बघितलेस?"

"चालताना दिसतात. मी म्हणतो, आता पुरे. मोबाईलवाला जागा घ्यायला तयार आहे. तू वर आईजवळ आरामात राहा. बेकरी काय... बेकरी आता पूर्वीसारखी..." इथे दादा अडला. बेकरी तोट्यात आहे हे सांगायचं तर मैदा केवढ्याला येतो आणि पाव केवढ्याला जातो हे सांगायला हवं, आणि पातेल्यापलीकडून आई त्याच्याकडे शांतपणे बघत होती. "पाव पूर्वीसारखा राहिला नाही," असं म्हणून त्याने वाक्य कसंबसं पार केलं.

"पाव तसाच आहे. वजन करून बघ. बाकीच्यांनी लहान केला, मी नाही केला."

"तेच तर म्हणतो. का नाही केलास?"

"कारण गिऱ्हाइकाला डोळे असतात."

पोपट हसला, पण दादाने त्याच्याकडे पाहिलं तसा त्याने घास गिळला आणि गंभीर झाला. "ताई, दादा म्हणतो त्यात तथ्य आहे हं. तुझा धंदा आता तुझ्या हातात राहिलेला नाही. दूर कुठे शेतात पाऊस पडत नाही, आणि तुझी भट्टी खोकते."

ताईने हातातला पाव खाली ठेवला. दादाचं ती ऐकून घेऊ शकत होती. दादा लहानपणापासून तिच्या वाटच्या गोष्टी तिच्याच भल्यासाठी विकत आलेला होता. पण पोपटाला शाळेचा डबा तिने भरून दिला होता, त्याच्या नोकरीच्या मुलाखतीचे बूट तिने पॉलिश केले होते. तोही त्या बाजूला जाऊन बसला, हे तिला लागलं. खाली बेकरीच्या समोर बाबांनी बसवलेली मोठी काच होती. सकाळी त्या काचेवर वाफ धरे आणि शाळेत जाणारी मुलं बोटाने त्यावर नावं लिहीत. ती काच नसेल तर आपण सकाळी उठून करायचं काय, हे तिला खरोखरच सुचत नव्हतं.

हल्ली त्या काचेसमोर उभं राहून माणसं वर्तमानपत्र दाखवत. गहू जगभर स्वस्त झालाय म्हणे, मग तुमचा पाव का नाही? ताईचं उत्तर ठरलेलं होतं. "पेपरातला गहू अजून बोटीवर आहे. माझ्याकडचा महागाईत दळलेला आहे." लोक हसत, घेत आणि जात. चढताना सगळं धावत चढतं, उतरताना काठी टेकत उतरतं, हे तिला आता पाठ झालं होतं.

"पोपटा, तुला यात काय मिळणार आहे?" तिने विचारलं.

"ताई, असं काय बोलतेस?"

"मग तुझं मत तुझंच आहे?"

पोपट पाव कुरतडू लागला.

आईने रस्सा वाढला. वाढता वाढता ती वहिनीच्या ताटापाशी थांबली. "सूनबाई, तू काही बोलली नाहीस. तुझं काय म्हणणं?"

दादा घाईने म्हणाला, "तिला काय विचारतेस, तिला धंद्यातलं..."

"मी तिला विचारलं."

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. घरून निघताना तिला बजावलेलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं दादा दोनदा म्हणाला होता. वहिनी बत्तीस वर्षं ती मूठ झाकत आली होती आणि तिचे हात आता भरून आले होते.

"मला काय कळणार, सासूबाई," ती गोड आवाजात म्हणाली. "मी सध्या पोत्यांत राहते."

"कसल्या पोत्यांत?"

"युरियाच्या. गोदाम भरलं, मग व्हरांडा भरला. आता शिवणाच्या मशीनपर्यंत आलीत. पाहुण्यांच्या पलंगाखाली आहेत, म्हणजे पाहुणे आले तर त्यांना सुपीक झोप लागेल. परवा यांनी चहात साखर म्हणून काय घातलं ते विचारा."

"चमचा तोंडाजवळ नेला होता फक्त," दादा म्हणाला.

"हवा दमट आहे. खालच्या थरातली पोती दगडासारखी झालीत. मी उसवायची कात्री शोधत होते, ती पोत्यामागे पडली. ती आता पोती विकली जातील तेव्हाच मिळणार." वहिनीने पाण्याचा घोट घेतला. "भाव मी बोलले नाही, सासूबाई. फक्त कात्रीचं सांगितलं."

"नाही बोललीस," आईने मान्य केलं.

पोपटाने पाव ठेवून दिला. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला, कारण बोटींचा हिशेब या टेबलावर त्याच्याइतका कोणालाच कळत नव्हता.

"दादा," तो म्हणाला, "कधी घेतलंस तू हे?"

"पावसाळा संपताना. तूच तर म्हणालास."

आणि ते खरं होतं. पावसाळ्याच्या अखेरीस पोपट बंदरावरून बातमी घेऊन आला होता. दूरच्या एका देशाने शेजाऱ्याशी भांडून गॅसची नळी बंद केली होती. युरिया गॅसपासून होतो. गॅस बंद म्हणून तिकडचे खताचे कारखाने थंड पडले, बोटी रिकाम्या उभ्या राहिल्या, आणि ज्याला त्याला वाटलं की आता मिळेल तेवढं भरून ठेवावं. पुढे त्या दोन देशांचं जमलं. गॅस सुटला, कारखाने पेटले, आणि अडकलेल्या बोटी रांगेने बंदरात आल्या. तोवर दादाच्या व्हरांड्यात पोती लागली होती.

"पण मला आधीच कळलं होतं," पोपट म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. "गॅस सुटतोय, बोटी भरल्यात, सगळं. त्या रविवारी मला माहीत होतं. तू सोमवारी ऑर्डर दिलीस ना?"

"सोमवारी सकाळी."

"मी त्या रविवारी इथेच तुझ्यासमोर बसलो होतो. सांगणार होतो. पण त्यात भाव आलाच असता, आणि त्याआधीचे दोन्ही रविवार मीच भांडी घासली होती. म्हटलं, जेवण झाल्यावर जिन्यात सांगू. मग जेवणानंतर मला झोप लागली."

वहिनीने कपाळावर हात मारून घेतला. ताईला हसू आलं आणि तिने ते पाव खाऊन दाबलं. बोटी कुठल्या समुद्रात आहेत हे ज्या घरात सर्वांआधी कळत होतं, त्या घराने ते बशा विसळायच्या आळसापायी ऐकलं नाही. असं नुकसान दुसऱ्या कोणाला जमलं नसतं.

हसू ओसरल्यावर ताईला उरलेलं कळलं. ती दादाकडे वळली.

"म्हणजे माझे गुडघे वगैरे काही नाही."

दादाने पाण्याचा पेला पुढे ओढला.

"माझं दुकान विकून तू तुझं खत झाकणार होतास. आणि मला सांगणारही नव्हतास. मी वर बसून तुझे आभार मानले असते."

"बँकेला पुढच्या महिन्यात द्यायचेत," दादा म्हणाला. "दुसरं काही दिसलं नाही मला."

"मी दिसले."

इस्त्रीच्या शर्टाची कॉलर दादाला टोचू लागली. दुकानात शेतकरी येत, रेडिओवर खत उतरलंय असं सांगत, आणि तो त्यांना शांतपणे म्हणे, "रेडिओवरचं खत अजून बोटीवर आहे." हे वाक्य त्याने ताईच्या काउंटरवर ऐकलं होतं आणि उचललं होतं. शेतकरी ते ऐकून हसत नसत. ते रिकाम्या हाताने परत जात, आणि दादा गल्ल्यावर बसून भाव परत चढेल म्हणून वाट बघे. गेले दोन महिने त्याला नीट झोप नव्हती. बाबांचं दुकान बाबांच्या मुलाने बुडवलं असं लोक म्हणतील, ही एकच भीती त्याला होती, आणि ती त्याने बायकोलाही सांगितली नव्हती.

"ताकाला आलास तर भांडं का लपवतोस?" आई म्हणाली. "केवढ्याला घेतलंस, सांग."

"टेबलावर?"

"टेबलावर."

"आई, नियम..."

"नियम मला माहीत आहे. माझाच आहे."

दादाने पातेल्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "पोत्याला बाराशे. आज सातशेच्या वर कोणी देत नाही."

कोणी हसलं नाही. पोपटही नाही. इतकी वर्षं या क्षणाची तो वाट बघत होता, दादा एकदा तरी चुकावा आणि आपण टाळ्या पिटाव्यात म्हणून. आता दादा चुकला होता आणि पोपटाला टाळ्यांची आठवणही झाली नाही.

दादा उठला. त्याने बाह्या दुमडल्या, आईचं ताट उचललं, त्यावर वहिनीचं ठेवलं, आणि ताटांची चळत छातीशी धरून तो स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला. "घासणी कुठे असते?" त्याने विचारलं.

वहिनी उठायला लागली. तिच्याआधी ताई बोलली, बसल्या जागेवरून, सगळ्यांना नीट ऐकू येईल अशी.

"मैद्याचं पोतं एकवीसशे. आज सोळाशेला मिळतंय."

आईने मान वर केली.

"मीही भरून ठेवलाय," ताई म्हणाली. "माझ्या पलंगाखाली आहे, आणि आई, तुझ्याही. तू विचारलंस ना पलंग उंच कसा झाला."

"मला वाटलं मी बुटकी झाले."

"तू कशाला भरलास?" दादाने दारातून विचारलं.

"तुझ्यामुळे. पाव घ्यायला आला होतास आणि माझ्याच काउंटरवर उभा राहून फोनवर सांगत होतास, मिळेल तेवढं उचला. मी म्हटलं, दादाच घाबरला म्हणजे खरंच काहीतरी असणार." ती उठली. "चल. घासणी नळामागे असते."

मोरीपाशी दोघं शेजारी उभी राहिली. दादा घासत होता, ताई पुसत होती. त्याने पहिली बशी इतकी घासली की तिच्यावरचं निळं फूल जायला आलं.

"ती नक्षी आहे," ताई म्हणाली. "ती निघत नाही."

"ठके, चुकलं माझं."

"चुकलंच. आणखी एक चुकतंय. ती पोती उद्या सकाळी काढ. आजच्या भावाने."

"सातशेने?"

"सहाशे नव्वदने काढ, म्हणजे उचलतील. गहू शेतात उभा आहे, या आठवड्यात खत पडलं नाही तर कणीस भरणार नाही. मग पुढच्या वर्षी तो गहू महाग, मैदा महाग, आणि लोक पेपर घेऊन माझ्या काचेसमोर. तू तिकडे धरून बसलास की मी इकडे मरते, एवढं तुला खतवाला असून कळत नाही?"

"कळतं. पण काढलं की तोटा खरा होतो."

"तो झालाय, दादा. वहिनींची कात्री त्याच्यामागे पडलीये."

दादा हसला, आणि हसताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हात साबणाने भरलेले असल्याने त्याला ते पुसता येईना. ताईने हातातल्या फडक्याचं कोरडं टोक पुढे केलं.

"बँकेचं काय करू?"

ताईने दोन बशा पुसून ठेवल्या. जे सांगायचं होतं ते तिने जेवताना मनाशी ठरवलं होतं, तरी ते तोंडातून बाहेर यायला वेळ लागला. "त्या मोबाईलवाल्याला सांग, विकत नाही, भाड्याने. पुढचा अर्धा भाग त्याला दे, वर्षभराचं भाडं आगाऊ घे. भट्टी मागेच आहे. मी मागच्या दाराने पाव विकीन."

"आणि बाबांची काच?"

"तिच्यात त्याचे मोबाईल बसतील."

"नको, ठके."

"मग तुझ्याकडे दुसरं काय आहे, सांग. थांबले मी."

दादाने पुढची बशी उचलली. "वर्ष झालं की काच तुझी," तो म्हणाला. "पहिलं ते करीन."

"करशीलच. नाहीतर इथेच भांडी घासायला लावीन."

बाहेर टेबलापाशी आई, वहिनी आणि पोपट बसले होते. मोरीपाशी चाललेलं बोलणं तिथे सगळं ऐकू येत होतं आणि ऐकू येत नसल्यासारखा तिघांचा चेहरा होता. आईने पातेलं उचललं. पाकिटावर रश्श्याचा गोल डाग उमटला होता, आतल्या कागदापर्यंत गेलेला. तिने ते पाकीट पोपटाकडे सरकवलं.

"हे त्याला परत नेऊन दे. भाड्याचं नवीन आण म्हणावं. आणि काचेला भोक पाडायचं नाही, हे त्यात लिहून घे."

"बरं."

आईने टेबलावरचे पावाचे तुकडे गोळा केले. बाबांचा व्रण तिने बरा केला होता, त्याचा तिला अभिमान होता. पण बाबा गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली होती, आणि तिच्या पलंगाखाली मैदा होता.

"पोपटा, गॅसचं काय म्हणतात बोटीवाले? गहू काय भावाने चाललाय?"

पोपटाने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने त्याच्याकडे. "आई," तो जपून म्हणाला, "टेबल आहे."

"दिसतंय मला."

आई उठली. तिने बाह्या वर केल्या, रिकामं पातेलं उचललं आणि मोरीकडे निघाली. तिथल्या दोघांना तिने कोपराने बाजूला सारून नळाखाली जागा केली.

"तू सांगत राहा," ती नळ सोडत म्हणाली. "मोठ्याने सांग. इथपर्यंत ऐकू आलं पाहिजे."